कॅल्शियम साडेपंधरा

नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. सक्करदऱ्याहून रोज सायकलने यायचं, पांढरा कोट चढवायचा आणि दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर, युरिया, कॅल्शियम मोजत बसायचं. आईला माझ्या नोकरीचं फारसं कौतुक नव्हतं. पाहायला आलेल्या एका मुलाच्या आत्याने विचारलं, "मुलगी काय करते?" तर आई म्हणाली, "केमिस्ट्रीत आहे." रक्ताचा उल्लेख तिने टाळला. मला मात्र ते काम मनापासून आवडायचं. हात स्वच्छ आणि डोळा पक्का असेल तर काचेची नळी खोटं बोलत नाही, एवढं मला तिथे कळलं होतं.

त्या काळी कॅल्शियम काढायला अर्धा दिवस जायचा. रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग वेगळा काढायचा, त्यातलं कॅल्शियम एका रसायनाने खाली बसवायचं. तो तळाचा साका धुवायचा, आम्लात विरघळवायचा आणि गरम पाण्यात ठेवून वरून जांभळं परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. थेंब पडला की रंग उडतो, दुसरा पडला की पुन्हा उडतो. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग मिनिटभर टिकून राहतो. तिथे थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून कॅल्शियम. निरोगी माणसाचं नऊ ते अकराच्या मधे येतं.

दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले असतील. पुरुषांच्या वॉर्डातून आलेल्या एका नमुन्यात मी परमँगनेट सोडत होते आणि रंग टिकतच नव्हता. नेहमीची जागा आली, गेली, तरी नळी आपली जांभळे थेंब गिळतेच आहे. हिशेब केला तर साडेपंधरा. एवढा आकडा मी तोवर पाहिला नव्हता.

पहिला विचार हाच आला की माझं काहीतरी चुकलं. आमच्याकडे नळाला पाणी नसलं की भांडी विहिरीच्या पाण्याने धुतली जायची आणि त्या पाण्यात चुना भरपूर. मी सगळ्या नळ्या पुन्हा धुतल्या, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खंगाळल्या आणि उरलेल्या नमुन्यावर चाचणी पुन्हा केली. पुन्हा साडेपंधरा.

आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, मितभाषी माणूस. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "लिहून पाठवा. आपल्याला दिसलं ते लिहायचं."

दुसऱ्या दिवशी तो कागद परत आला. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेची चूक. ग्राह्य नाही.' दुसरं रक्तही पाठवलं नव्हतं.

मला फार लागलं ते. खरं सांगायचं तर रोग्याची काळजी नंतर सुचली, आधी राग आला. प्रयोगशाळेतल्या माणसाने वॉर्डात जायची रीत नव्हती. मी अंगातला कोट तसाच ठेवून जिना चढले.

खाटेवर पन्नाशीच्या आतबाहेरचा एक शेतकरी पडला होता. पारशिवनीजवळच्या खेड्यातला. ओठ कोरडे, डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. उशाशी त्याची बायको पाण्याचा लोटा घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितलं तर तिने माझा हातच धरला.

"बाई, यायले काय झालं सांग वं तू तरी. हंडाभर पाणी पिऊन राहिले, तरी तहान जात नाही. महिनाभरापासून बोलणं उलटंसुलटं. मले वळखत नाही. काल मलेच म्हणाले, तू कोण होय?"

"आधी काय आजार होता?"

"खोकला. टीबी आहे म्हणून सुया देल्ल्या गावाकडे. पाच महिने देल्ल्या. खोकला तसाच, अन् आता डोक्यात शिरलं म्हणतात. डॉक्टर म्हणाले, उद्या पागलखान्यात पाठवू." ती रडत नव्हती, पण आवाज चिरकत होता. "वीस वर्षं संसार केला मी यायच्यासंग. हे पागल नाहीत वं."

शाळेच्या पुस्तकातलं नाही, पण सरांच्या कपाटातल्या एका जाड ग्रंथातलं मला आठवत होतं, की कॅल्शियम फार वाढलं तर माणसाला अतोनात तहान लागते आणि मन भरकटतं. मी तिथूनच सरळ वॉर्डाच्या मुख्य डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेले. उंच, पांढऱ्या सुती साडीतल्या, मोठमोठे डॉक्टर त्यांच्यापुढे चाचरायचे.

"मॅडम, माझी चूक नाहीये," एवढंच आधी बाहेर पडलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कसली चूक?"

मी कागद पुढे ठेवला. आकडा पाहताच त्या सरळ होऊन बसल्या. "दोनदा केली चाचणी?"

"दोनदा. भांडी पुन्हा धुऊन."

"तिसऱ्यांदा माझ्यासमोर कर. रक्त मी स्वतः काढते."

तेवढ्यात मला एक सुचलं. "मॅडम, माझंही काढा. दोन्ही शेजारी शेजारी लावू. भांड्यात दोष असला तर माझंही जास्त येईल."

त्या हसल्या. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना. पदर खोचून त्यांनी माझ्या दंडाला सुई लावली.

दुपारी मॅडम स्टुलावर बसल्या, सर माझ्या मागे उभे. माझ्या नळीत थोडे थेंब पडले आणि गुलाबी रंग टिकला. नऊ पूर्णांक आठ. मग रोग्याच्या नळीत सोडायला लागले. नऊ गेलं, अकरा गेलं, तेरा गेलं. मी कोपर ओट्यावर टेकवलं होतं. पंधरा पूर्णांक सहाला रंग थांबला.

मॅडम उठल्या. "पागलखाना रद्द," म्हणाल्या. "याची छातीची फिल्म मला परत पाहायची आहे."

त्यानंतरचे दोन दिवस मी वॉर्ड आणि प्रयोगशाळेत फक्त धावत होते. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात फिल्मवर एक डाग होता. जुना टीबी म्हणून तो सोडून दिलेला. थुंकीत टीबीचे जंतू कधीच सापडले नव्हते. मॅडमनी तीच थुंकी पेशी तपासणाऱ्यांकडे पाठवली. उत्तर आलं : कॅन्सर.

मला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली, कारण एका बाजूला छाती फुगलीही होती. त्या नळीतल्या थेंबांनी रस्ता दाखवला होता. मी मॅडमना विचारलं, "गाठ फुप्फुसात, मग कॅल्शियम का वाढावं?"

त्यांनी टेबलावर बोटाने चार टिंबं काढून दाखवली. "आपल्या गळ्यात धान्याच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांचा रस रक्तातलं कॅल्शियम सांभाळतो. काही गाठी लबाड असतात. फुप्फुसात बसून तसलाच रस बनवतात, रक्तात सोडतात. मग हाडातलं कॅल्शियम सुटून रक्तात येत राहतं."

"तो रस मोजता येतो?"

"परदेशात मोजतात म्हणे. आपल्याकडे नाही. आपण त्याने केलेलं काम मोजायचं."

पुष्कळ वर्षांनी वाचण्यात आलं की तो रस हुबेहूब ग्रंथीतला नसतो, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच रेणू असतो. पण त्या दिवशी मॅडमचं बोलणं ऐकून मला माझ्या ओट्यावरची ती काचेची नळी एकदम मोठी वाटायला लागली. ज्या गाठीला डोळ्याने पाहणं कठीण, तिची चाहूल रक्तातून लागत होती.

खरी अडचण पुढेच होती. छातीचे सर्जन आले, फिल्म पाहिली आणि मान हलवली. "कॅल्शियम इतकं वाढलंय म्हणजे रोग हाडात पसरलाय. हाडं पोखरली जातायत. आता ऑपरेशन करून काय उपयोग? घरी पाठवा."

मॅडम म्हणाल्या, "हाडांच्या फिल्म काढल्यात. सगळी स्वच्छ आहेत."

"फिल्मवर उशिरा दिसतं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "फॉस्फरस किती आला?"

तो मी सकाळीच काढला होता. त्या चाचणीत निळा रंग येतो. जितका फॉस्फरस जास्त, तितका निळा गडद. या माणसाचा रंग इतका फिका होता की आभाळ धुऊन काढल्यासारखा. "खूप कमी आहे, मॅडम," मी म्हटलं. "नेहमीच्या निम्मा."

मॅडमनी सर्जनकडे पाहिलं. "हाडं नुसती पोखरली असती तर फॉस्फरस असा खाली गेला नसता. कॅल्शियम वर आणि फॉस्फरस खाली, ही त्या रसाची करणी. गाठ एकाच जागी असू शकते. ती काढली तर रस बंद."

सर्जन बराच वेळ माझी वही उलटत राहिले. मग मला म्हणाले, "आकड्यांची खात्री आहे तुला?"

"आहे," मी म्हटलं. एवढ्या ठामपणे मी आयुष्यात तोवर कुणालाच उत्तर दिलं नव्हतं.

आधी कॅल्शियम उतरवायचं ठरलं. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या आणि लघवी वाढवायचं औषध. रोज सकाळी माझी चाचणी. चौथ्या दिवशी बारापर्यंत आलं. नमुना घ्यायच्या निमित्ताने मी वॉर्डात गेले तर रोगी उशीला टेकून बसला होता, आणि बायको तोंडावर पदर दाबून रडत होती.

"रडून काहून राहिली वं?" तो तिला विचारत होता. आवाज खोल होता, पण त्याचा स्वतःचा होता. "अन् तूर कोण राखून राहिलं? डुकरं घुसली असतील ना वावरात."

"वळखलं, बाई!" ती माझ्या गळ्यातच पडली. "मले नावानं हाक मारली!"

ऑपरेशनचं मॅडमनी त्याला स्वतः समजावलं. फुप्फुसाचा एक भाग काढावा लागेल, जिवाला धोका आहे, पण काढलं नाही तर महिन्या दोन महिन्यांचीच गोष्ट आहे. काहीच लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"टीबीच्या सुया देल्ल्या तेव्हा कोनी मले विचारलं नाही," तो म्हणाला. "पागल ठरवलं तेव्हाही नाही. तुमी विचारून राहिल्या, तर सांगतो. काढून टाका."

ऑपरेशनच्या दिवशी मी कामात लक्ष घालायचा प्रयत्न केला आणि दोन नळ्या फोडल्या. दुपारी निरोप आला की वरचा भाग गाठीसकट निघाला, माणूस जिवंत आहे. पण आमची परीक्षा दुसऱ्या दिवसापासून होती. गाठीनेच रस सोडला असेल तर कॅल्शियम पडायला हवं. हाडात रोग असेल तर पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा पूर्णांक चार. त्याच्या पुढच्या दिवशी दहा पूर्णांक तीन. चौथ्या दिवशी मॅडम, सर्जन आणि तो लाल शाईवाला तरुण डॉक्टर तिघेही माझ्या ओट्याभोवती उभे राहिले. सलाइन आणि औषध कधीच बंद झालेलं होतं. मी थेंब सोडत गेले. गुलाबी रंग आला, टिकला. मिनिट पुरं झालं.

"नऊ पूर्णांक सात," मी म्हटलं.

सर्जननी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की हातातली पिपेट सटकता सटकता वाचली. तरुण डॉक्टरने खिशातून लाल पेन काढलं, माझा तो पहिला कागद मागितला आणि स्वतःचं वाक्य खोडून खाली सही केली. आणि आमचे मितभाषी सर गेले कुठे म्हणून पाहते, तर ते कोपऱ्यावरच्या टपरीवरून सगळ्या खात्यासाठी तर्री-पोहे घेऊन येत होते. तिखटाने डोळ्यांतून पाणी येत होतं, की कशाने, कोण जाणे. आम्ही उभ्याउभ्याच खाल्ले.

त्या दिवसापासून मॅडमनी एक शिस्त घातली. टीबीच्या औषधाला न जुमानणारा खोकला असला, त्यात तहान आणि भ्रम असला, तर आधी कॅल्शियम आणि फॉस्फरस. वॉर्डातून चिठ्ठी यायची तिच्यावर कुणीतरी माझं नाव लिहायचं, हिच्याकडूनच करून घ्या म्हणून. प्रत्येक वेळी असा शेवट झाला नाही. बऱ्याचदा उशीर झालेला असायचा. पण जो एक वाचला, तो दर सहा महिन्यांनी एस.टी.ने येऊन दंड पुढे करायचा. "बघ माय, चोरटं परत आलं का." ते आलं नाही. सहा वर्षांनी मॅडमनी त्याला सांगितलं, आता यायची गरज नाही. त्याचा चेहराच पडला.

"मंग तुमी या," तो म्हणाला. "शंकरपट आहे आमच्या गावी, जानेवारीत. मी जोडी उतरवून राहिलो."

मी गेले. तोवर माझं लग्न झालं होतं, कडेवर मुलगी होती. शेताच्या मोकळ्या पट्ट्यात बैलांच्या शर्यती चालल्या होत्या, दोन्ही अंगांनी माणसांची भिंत. त्याच्या बायकोने मला पुढे ओढत नेलं. "हाकायले दुसरा माणूस ठेवा म्हटलं, तर आयकत नाही," ती कुरकुरली, पण डोळे त्याच्यावरून हलत नव्हते.

झेंडी पडली. छोट्या हलक्या गाडीवर तो वाकून उभा होता आणि बैलांना आरोळी देत होता. एवढी मोठी आरोळी त्या अपुऱ्या छातीतून येत होती की माझी मुलगी दचकून मला बिलगली. धूळ उठली, आमच्यासमोरून सपकन काहीतरी गेलं, आणि पलीकडच्या टोकाला लोकांनी टोप्या हवेत उडवल्या.

"आली!" त्याची बायको ओरडली. "आमची जोडी पहिली आली वं!"