वाकडा फेर

मुलांनो, तुमच्या वर्गातल्या त्या दांडगट मुलीबद्दल पत्रात वाचलं. तिची बाजू तुम्हांला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. महाडच्या मुलींच्या शाळेत ती मुलगी मीच होते.

मला सगळं सरळ लागे. प्रार्थनेची रांग वाकडी झाली, की जी पुढे सरकली असेल तिच्या दंडाला माझा चिमटा. त्यासाठी दोन नखं मी मुद्दाम राखली होती. सर्वांत जास्त चिमटे खाल्ले ते पोलादपूरच्या डोंगरातून मामाकडे शिकायला आलेल्या मुलीने. सरळ उभं राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

नवरात्रात आमच्याकडे भोंडला ठरला. मी पाटावर हत्ती काढला, आईने वर्गाला पुरेल एवढी खिरापत केली. उन्हं उतरली तरी अंगणात मी आणि हत्ती, दोघंच.

"निरोप नीट दिला होतास ना गं?" आईने तीनदा विचारलं.

दिला होता. कुंपणापलीकडून खुसखुस ऐकू येत होती. सगळ्या आल्या होत्या, आत तेवढ्या येत नव्हत्या. मी रडायच्या बेतात होते.

शेवटी ती डोंगरातली एकटी आत आली.

"नखं दाखव गो."

मी दाखवली.

"ही काढ. मग आमी येतो."

"दिवेलागणीला नखं कापायची नाहीत हं!" आई आतून म्हणाली.

मग त्या मुलीने आमच्या जांभ्याच्या खरखरीत पायरीकडे बोट केलं. "कापू नको. घास. घासायला कोणाची ना नाय."

मी पायरीवर बसून नखं घासू लागले. कुंपणावर डोक्यांची रांग लागली. "अजून हाय! अजून हाय!" बोटं झोंबायला लागली, तेव्हा कुठे तिने आपला दंड पुढे केला. "काढ आता चिमटा."

मी काढला.

"मुंगी चावली!" तिने कुंपणाकडे तोंड करून जाहीर केलं, आणि सगळ्या आत घुसल्या.

फेरात माझा एक हात तिने धरला. दुसरा धरायला कुणी तयार होईना, तेव्हा आई पदर खोचून उभी राहिली. तिसऱ्या गाण्याला एका मुलीने आईला बाजूला केलं.

फेर भोपळ्यासारखा वेडावाकडा झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत ती डोंगरातली मुद्दाम दोन पावलं आत सरकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी गाणं जरा मोठ्याने म्हणू लागले.