निवट्यांचा वास

माझं नाक भयंकर तिखट आहे. लहानपणी आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत दूध नासायला लागलं की आईच्या आधी मला कळायचं, आणि शेजारी कुणाची डाळ लागली की मी जिन्यातूनच ओरडून सांगायचे. अशा मुलीने पुढे केमिस्ट्री घेऊन प्रदूषणाच्या सरकारी खात्यात नोकरी धरली, यात नवल ते काय. ऑफिस कल्याणला, आणि काम म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी नियमाप्रमाणे साफ होऊन बाहेर पडतंय की नाही ते बघायचं. नातेवाइकांना एवढंच कळलेलं की पोरगी गटारं तपासते. एका मावशीने तर मला बघायला आलेल्या मंडळींना 'बँकेत असते' म्हणून ठोकून दिलेलं. मी कांदेपोह्यांच्या बशा ठेवता ठेवताच खरं काय ते सांगितलं. स्थळ गेलं, मी पोहे संपवले.

गटार शब्दाचा मला कधी राग आला नाही. राग यायचा तो गेटवरच्या चहाचा. आमचा नियम असा की पाण्याचा नमुना मालकासमोर घ्यायचा, दोन बाटल्यांत भरायचा, बुचांवर लाख वितळवून खात्याचा शिक्का मारायचा आणि मालकाची सही घ्यायची. म्हणजे मागाहून 'हे पाणी आमचं नव्हेच' म्हणायला जागा नको. मालकांना हे आमच्यापेक्षा पाठ. जीप दिसली की वॉचमन म्हणणार, शेठ जेवायला गेलेत. सकाळी साडेदहाला कसलं जेवण? मग किल्ली सापडायची नाही, मग मॅनेजर यायचा, मग 'मॅडम, आधी चहा'. तो चहा उकळेपर्यंत आत नळ सोडून सगळं धुऊन काढायचे. मी कपाला हात न लावता उठले की मॅनेजर म्हणायचा, मॅडम रागावल्या वाटतं. रागावू नको तर काय आरती ओवाळू?

नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. गणपती होऊन गेलेले. एक कोळीण शिपायाला न जुमानता सरळ आमच्या ऑफिसात शिरली. कासोट्याचं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, डोक्यावर पाटी. डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावातली. नवरा खाडीत मासे धरायचा आणि ही डोंबिवलीच्या बाजारात सासूच्या वेळेपासूनच्या जागेवर बसून विकायची. त्यांच्या गावच्या नाल्यावर नमुना घेताना तिने मला पाहिलेलं, म्हणून पत्ता काढत आलेली. तिने पाटी माझ्या टेबलावर, फायलींच्या डोक्यावर ठेवली. आत निवटे होते. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे बोटभर लांबीचे, बटबटीत डोळ्यांचे मासे. वळवळत होते अजून. मी पक्क्या शाकाहारी घरातली, मासळीबाजारावरून जाताना नाकाला पदर लावणारी.

"हुंग," ती म्हणाली.

"अहो मावशी, मी खात नाही."

"खा कोन बोललं? हुंग."

मी हुंगलं. नाकात माशांचा भपका शिरेल अशा तयारीत होते, तर माशांचा वास मागेच राहिला. पुढे आला तो वेगळाच, जळका, घशाला बसणारा.

"रॉकेल," मी म्हटलं.

"मंग! गिऱ्हाईक बी हेच बोलतंय. घरी नेतान, तव्यावर टाकतान, आन् दुसऱ्या दिशी आनून माझ्या तोंडावर मारतान." तिने पदराने हात पुसले. "सगली बोलतान, बर्फाचं म्हावरं आनून इक. मी नाय इकनार. माझ्या सासूच्या पाटीत खारीचंच म्हावरं असायचं, माझ्या पन तेच ऱ्हानार. दिवालीपातूर बघते. नायतर बिल्डिंगीत भांडी घासायला जाते, मना कोनाची भीती नाय."

म्हावरं म्हणजे मासळी, खारी म्हणजे खाडी. एवढं कळण्याइतकी मी त्या भागातली होतेच. खरं सांगते, मला तिचा धाक वाटला, आणि त्या वासाचा विलक्षण संताप आला. मी म्हटलं, मावशी, बघते मी. ती म्हणाली, बघू नको, हुंग. तुझं नाक बरं दिसतंय.

त्यांच्या गावाकडे जाणाऱ्या नाल्यावर वरच्या अंगाला एकच कारखाना होता, रंगाला लागणारी रसायनं करणारा. मालक मोठा गोड माणूस. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं शुद्ध. पाणी साफ करायचा प्लँट तर असा लखलखीत ठेवलेला की जेवायला बसावं. वर त्याने त्या साफ झालेल्या पाण्याची काचेची पेटी करून तिच्यात गोल्डफिश सोडलेले. "बघा मॅडम, मासे जगतात," असं दर वेळी सांगायचा. मी अवेळी गेले, जेवणाच्या सुट्टीत गेले, एकदा तर जीप लांब ठेवून चालत गेले. नमुना दर वेळी पास. ठाण्याला, खोपटच्या बाजूला आमचे मोठे साहेब बसायचे, त्यांना जाऊन सांगितलं की नाल्याला वास येतो. ते म्हणाले, "अगं, वासावर नोटीस काढता येत नाही. कोर्टात काय तुझं नाक हजर करू?"

मी चरफडत परत आले. एवढं सगळं ऐकून मावशीने काय म्हणावं? "त्या शेठला बोल, त्याची सोनेरी म्हावरं दे मना, इकते."

तेव्हापासून माझी संध्याकाळ ठरलेली. स्टेशनवरून घरी जाताना बाजार लागायचा, आणि मासळीच्या ओळीतून खणखणीत हाक यायची, "ए गटारवाले बाय, घावला का?" अख्खा बाजार माना वळवून बघायचा. भाजीवालेही विचारायला लागले, घावला का म्हणून. काय घावायचं ते त्यांना ठाऊकही नव्हतं. मी मान हलवायचे आणि पाय उचलायचे. मावशीची पाटी दिवसेंदिवस तशीच भरलेली दिसायची, ते काही बघवायचं नाही.

मग खंडेनवमी आली. शस्त्रांची, हत्यारांची पूजा. ज्यावर आपलं पोट चालतं त्याला त्या दिवशी हळदकुंकू वाहायचं. आमच्या ऑफिसातही पूजा असायची. शिपाईमामांनी सकाळीच टाइपरायटरला हार घातलेला, नमुन्याच्या बाटल्यांना कुंकू लावलेलं. कपाटात धूळ खात पडलेला एक बंद मीटरही त्यांनी काढून पुसला, त्याला फूल वाहिलं. मी म्हटलं, मामा, हा तर केव्हाचा बिघडलाय. तर म्हणाले, बिघडला म्हणून काय झालं, यंत्रच ना? एकाला वगळलं तर रुसतं.

ड्रायव्हरकाकांनी जीपला झेंडूचं तोरण, पुढे केळीचे खुंट, काय काय केलेलं. एवढी सजवलेली गाडी आवारात उभी ठेवायला त्यांना जिवावर आलं. म्हणाले, मॅडम, चला की कुठेतरी. त्या गोड मालकाचं पूजेचं बोलावणं दर वर्षी यायचं, मी कधी जायचे नाही. त्या दिवशी म्हटलं, चला, तिकडेच जाऊ. निदान मासे तरी बघू.

गेट सताड उघडं. वॉचमन पेढे वाटत होता. शेठ जेवायला गेलेले नव्हते, किल्ली हरवलेली नव्हती, मला तर चुकून दुसरीकडेच आले की काय असं वाटलं. आत सगळी यंत्रं धुऊनपुसून, तेलपाणी करून हारांत उभी. एक वयस्क फिटर डोक्याला टोपी घालून पूजेचं ताट फिरवत होता. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, फूल, अक्षता, आणि मग बटण दाबून ते क्षणभर चालू करायचं. त्या कारखान्याची तशी पद्धतच होती. पूजेनंतर यंत्र एकदा फिरलं पाहिजे, तर वर्ष चांगलं जातं. कामगारांची बायकापोरं आलेली, मालक स्वतः प्रसाद देत होता, आणि माझाही राग जरा निवळलेला.

पेढा खात मी फिरत राहिले. हारांच्या मागोमाग बॉयलरच्या खोलीपाशी गेले, तिला वळसा घालून मागे आले. तिथे एरवी ताडपत्रीखाली भंगार असायचं. ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. आणि भिंतीला लागून एक पंप, स्वच्छ पुसलेला, कपाळ असल्यासारखा पुढच्या गोलावर हळदकुंकवाचा टिळा, गळ्यात झेंडूचा हार.

मी तिथेच उभी राहिले. पंपाला दोन पाइप होते. एक झाकलेल्या टाकीत उतरलेला, दुसरा जमिनीखालून कुंपणाच्या भिंतीकडे गेलेला. भिंतीपलीकडे नाला.

मालक लगबगीने आला. मी विचारलं, "हा कशाचा पंप?"

"बागेचा, मॅडम."

बाग म्हणजे एक तुळस आणि क्रोटनच्या दोन कुंड्या. मी काही बोलणार, इतक्यात फिटर ताट घेऊन वळला. मालक म्हणाला, "झाली ना पूजा? राहू दे आता हा."

फिटरचा चेहरा पडला. "असं कसं साहेब? रोज राबतो बिचारा. बाकीच्यांना सुट्टी असते, याला तीही नसते. आजच्या दिवशी याला फिरवायचं नाही?" आणि त्याने नमस्कार करून बटण दाबलं.

पंप घरघरला. मालकाने डोळे मिटून घेतले. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून, नाल्याकाठी जीप लावून थांबलेल्या ड्रायव्हरकाकांचा आवाज आला, "मॅडम, इकडे या, नाल्याला रंग आलाय!" मी साडी खोचून मागच्या दाराने धावले. नाल्यात पानाच्या पिंकेसारखं लालभडक पाणी उतरत होतं, आणि वास, तोच. मावशीच्या पाटीतला. मला इतका आनंद झालेला की मी काकांकडे बघून हसतच सुटले.

बाटल्या जीपमध्ये होत्याच, कुंकवासकट. मालकासमोर दोन भरल्या. लाख काढली तर मेणबत्ती नाही. सणाच्या गडबडीत काकांनी मेणबत्त्यांचा डबाच ऑफिसात ठेवलेला. मी फिटरच्या ताटाकडे पाहिलं. त्याने निरांजन पुढे धरलं. पूजेच्या ज्योतीवर लाख वितळवून मी त्या बाटल्यांवर सरकारी शिक्का मारला. शेवटी आरती ओवाळायची वेळ आलीच म्हणायची. मालकाने मुकाट्याने सही केली. सगळे कामगार बघत होते, आणि हातात प्रसादाचं ताट असताना त्याला खोटं रेटता आलं नसावं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि ठाण्याच्या साहेबांना नोटीस काढायला बाटली मिळाली. कारखाना बंद झाला, पाइप माझ्यासमोर गॅसने कापून त्याचं तोंड सिमेंटने बुजवलं, प्लँट खरोखरचा चालतो हे दाखवल्यावरच पुन्हा परवानगी मिळाली. फिटरची मला काळजी लागलेली. मालकाला विचारलं तर म्हणाला, "त्याला काढून मी जाऊ कुठे, मॅडम? माझी यंत्रं ऐकतात त्याचंच." तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

पण खाडीचा चिखल आपल्या नोटिशीने साफ होत नाही. दिवाळी आली तरी निवट्यांना वास होताच. मावशी म्हणाली, "तू तुझं काम केलंस बाय." आणि दिवाळीनंतर तिची जागा रिकामी झाली. शेजारच्या कोळणीने तिथे एक पाटी उपडी घालून ठेवलेली, दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून. रोज संध्याकाळी ती उपडी पाटी दिसायची आणि हाक यायची नाही. मला रडू यायचं. पंप सापडला याचा ऑफिसात पेढा वाटून झालेला, आणि जिच्यासाठी सापडला ती कुठल्यातरी बिल्डिंगीत भांडी घासत होती. थंडीभर मी तो रस्ताच टाळला, मागच्या गल्लीने घरी जायचे.

होळीच्या आसपास एकदा मागची गल्ली खणून ठेवलेली, म्हणून बाजारातून जावं लागलं. मान खाली घालून चाललेले.

"ए गटारवाले बाय!"

पाटी सुलटी होती. मावशी मागे बसलेली, वेणीत अबोली, हात भांड्यांच्या राखेने फुटलेले. तिने पाटी पुढे सरकवली.

"हुंग."

मी भर बाजारात वाकून पाटीत नाक घातलं. चिखल, खारं पाणी आणि मासे. मी पुन्हा पुन्हा हुंगलं. कितीही शोधलं तरी दुसरं काही सापडेना. डोळ्यांत पाणी आलं तर मावशी म्हणाली, रडतेस कशाला, गिऱ्हाईक पलतील. आणि तिने दोन मुठी निवटे पिशवीत घालून माझ्या हातात कोंबले. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे कुणी खात नाही. ती म्हणाली, मंग कोनाला तरी खायाला घाल, पन ने.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना नेऊन दिले. त्यांनी लगेच आलं-लसूण लावून तव्यावर टाकले. वास जिना चढून आमच्या घरात शिरला. आई नाकाला पदर लावून दारात आली आणि म्हणाली, "शी, कसला गं हा वास?"

मी जिन्यातच उभी होते, नाक उघडं ठेवून.

"माशांचा," मी ओरडून सांगितलं. "नुसता माशांचा."