वाक्य टाकून थांबणारे अंबादासनाना

अंबादासनानांची आणि माझी पहिली ओळख शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली. मी बेंबळीत नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते आणि नव्या मुख्याध्यापिकेला असतो तेवढा ताठा माझ्यातही होता. नाना उमेदीची सगळी वर्षं तमाशाच्या फडात सोंगाड्या म्हणून गाजवून, अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी गावी परतलेले. नाटुकल्यात राणी झालेली पाचवीतली मुलगी वाक्य विसरली आणि रडवेली होऊन उभी राहिली. मी पडद्याआडून अख्खं वाक्य सांगत होते, तिला त्यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "राणीसाहेब, परधानजी पळून गेला म्हणं. आता वो कसं करावं?" एवढं बोलून नाना थांबले. मुलीनं "त्याला धरून आणा!" असा हुकूम सोडला आणि लोकांनी मांडव डोक्यावर घेतला.

गावी परतलेल्या सोंगाड्याकडून गावाला एकच गोष्ट हवी असते. पारावर, चहाच्या टपरीवर, गिरणीच्या रांगेत, जिथं तिथं "नाना, होऊन जाऊ द्या एखादं!" नानांनीही कुणाचं मन मोडलं नाही. पुढे त्यांच्या मातोश्री वारल्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. भावकी आणि शेजार पिठलं-भाकरी पोचवतो, त्याला आपण कडू घास म्हणतो. नानांच्या दारातही भाकरींची चळत लागली. पण हसवणाऱ्या माणसासमोर कोणतं तोंड करून बसावं हे लोकांना कळेना, म्हणून टोपली ठेवून जो तो काढता पाय घेई. नाना पुढे मला म्हणाले, "बाई, भाकरी लई आली. संगं जेवायला माणूस न्हाय आलं."

तेव्हापासून गावात कुणाकडेही मयत झाली की नाना भाकरी घेऊन जातात आणि घरातली माणसं जेवेपर्यंत उठत नाहीत. जात, भावकी, जुनं वैर, काही पाहत नाहीत. "सुतकात सोंगाड्या कशाला?" म्हणून काही जाणत्यांनी नाकं मुरडली. त्यांच्या घरी वेळ आली, तेव्हा नाना तिथंही गेले.

मुलंबाळं पुण्याला गेलेल्या म्हाताऱ्यांना धाराशिवच्या दवाखान्यात नेणं-आणणं हेही त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. आमच्या गल्लीतल्या एक आजी डोळ्याच्या ऑपरेशनला जाम भ्यायल्या होत्या. परतीच्या एसटीत आजींच्या डोळ्याला पट्टी होती आणि शेजारी बसलेल्या नानांच्याही धडधाकट डोळ्याला रुमाल बांधलेला होता. कंडक्टरनं चौकशी केली तर म्हणाले, "जोडीनं केलं. जोडीला सवलत हाय का?" आजी बेंबळी येईपर्यंत हसत होत्या. डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती, ही गोष्ट वेगळी.

पण नानांचं खरं मोठेपण मी माझ्याच घरात पाहिलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मामंजींनी अन्न सोडलं. आम्ही विनवलं, रागावलो, डॉक्टर आणले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माणूस हातचा जाणार, हे आम्ही मनोमन धरून चाललो होतो. नाना आले, दोन ताटं वाढून घेतली आणि मामंजींसमोर बसले. एक घास तोंडात घातला आणि हुबेहूब मामंजींच्या आवाजात करवादले, "ह्यात मीठ हाय का इसरलीस आजबी?"

आमच्या घरात हे वाक्य दोन्ही वेळा उच्चारलं जाई. ओसरीवर गप्पांना बसणाऱ्या नानांना ते पाठ होतं. एवढं बोलून नाना थांबले. पुढचा घास हातात धरून वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळानं मामंजी भिंतीकडे बघतच पुटपुटले, "जीभ आवरा आन् गिळा गप." ते सासूबाईंचं ठरलेलं उत्तर होतं. ते बोलले आणि ढसाढसा रडले. रडता रडता हसले. मग उठून बसले आणि जेवले. पुढे ते चांगली सात-आठ वर्षं जगले, मिठावरून माझ्याशी भांडत.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या पत्नी हिराकाकू गेल्या. या वेळी टोपल्या ठेवून कुणी निघून गेलं नाही. अंगणात बसायला जागा उरली नाही. पण नानाच जेवेनात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अभिनयाशी माझा दुरूनही संबंध नाही. तरी ताट घेऊन समोर बसले आणि नाना रोज काकूंना म्हणत तेच मी म्हणाले, "मालकीणबाई, ही भाकरी हाय का तवाच वाढलाय?" मला धीर निघेना. काकूंचं उत्तरही मीच देऊ लागले, "हसवायचं फडात..."

नानांनी मान वर केली.

"बाई, तुमी लई घाई करताव. वाक्य टाकलं की थांबायचं. म्होरलं समोरच्याजवळ असतंय."

मी थांबले. अंगण थांबलं. नाना ताटाकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "हसवायचं फडात. घरात निमूट जेवायचं." आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

आज नानांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. तुळजापूरच्या आईनं त्यांना शंभरी दाखवावी, गुडघे शाबूत ठेवावेत, आवाज असाच खणखणीत ठेवावा. यात आमचा स्वार्थ आहे. कडू घास घेऊन जाऊन समोर बसणारी माणसं आता गावात बरीच झाली आहेत, मीही त्यांतली एक. पण वाक्य टाकून थांबणं आम्हाला अजून जमत नाही. ते जमेपर्यंत नानांना रजा नाही.