नऊ नंबरची पेटी

आमच्या बाबांना सत्कार या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता. "शाल आणि नारळ माणसाला गप्प बसवायला देतात," असं ते म्हणत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा नारळ तिथल्याच कुणाला तरी देऊन, शाल पिशवीत कोंबून ते नेहमीच्या वेळेला स्कूटरवरून घरी आले आणि आईला म्हणाले, "झालं एकदाचं. चहा टाक." अशा माणसाला मी स्वतः शाल-नारळ घ्यायला भर सभेत बोलावलं. तो दिवस आठवला की अजून माझे कान गरम होतात.

मी तेव्हा कर्वेनगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते आणि त्यातच पीएच.डी. करत होते. माझ्याबरोबरची सगळी हिंजवडीला आयटीत गेली होती. कुणी फ्लॅट बुक केला, कुणी अमेरिकेला जाऊन आलं, अशा बातम्या आई भाजी निवडता निवडता सांगायची आणि शेवटी विचारायची, "तुझं नक्की काय चाललंय गं?" माझं चाललं होतं ते असं: गाड्यांनी एकमेकींशी बोलावं. प्रत्येक गाडीवर एक छोटी पेटी बसवायची. ती पेटी आजूबाजूच्या गाड्यांना बिनतारी सांगत राहणार की मी इथे आहे, इतक्या वेगानं या दिशेला चाललेय. दोन गाड्या एकमेकींवर आदळायच्या बेतात असतील, तर कोपऱ्यापलीकडची दिसायच्या आधीच पेटी ओरडणार.

आईला हे पटायचं नाही. बाबांना मात्र फार गंमत वाटायची. "आम्ही जन्मभर तारा जोडल्या," ते म्हणायचे. "फोन लागावा म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आमच्या पाया पडायचे. आता भाजीवालीच्या कमरेला फोन. तुझ्या गाड्या बोलणार म्हणतेस? बोलू देत बापड्या. पुण्यात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, गाड्यांनी तरी बोलावं."

खरं म्हणजे आमच्या घरात गाडी एक आणि चालवणारे दोन असा प्रकार होता. हँडल बाबांच्या हातात, बाकी सगळं मागे बसलेल्या आईकडे. वळायच्या कितीतरी आधी तिचा हात बाहेर यायचा. दुसरा हात बाबांच्या डाव्या खांद्यावर. "अहो, सायकलवाला. अहो, बस. अहो, डावीकडून तो मेला घुसतोय बघा." ऐकलं नाही तर खांद्याला चिमटा. कॉलेजात असताना मैत्रिणींसमोरून ही वरात जायला लागली की मी झाडाआड व्हायचे. बाबा काही बोलत नसत, चिमटा बसला की ब्रेक दाबत. पुढे आईचे गुडघे गेले. स्कूटरवर पाय टाकणं तिला जमेना, ती रिक्षानं जायला लागली. जाताना बाबांना सांगायची, "रिक्षाच्या मागोमाग या, हळू." बाबा अर्थातच पुढे निघून जायचे.

स्कूटर म्हणजे बाबांचे पाय होते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी त्यांच्या मुलानं विकून टाकली, तेव्हापासून ते काका खालच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळ विचारत. बाबा त्यांच्याकडे बघायचं टाळत. "गाडी गेली की माणूस सोसायटीच्या मालकीचा होतो," ते मला म्हणाले होते.

तर आमचा प्रयोग. कर्वेनगरपासून धायरीपर्यंतच्या भागातली रोज गाडी चालवणारी साधी माणसं आम्ही गोळा केली आणि त्यांच्या गाड्यांवर पेट्या बसवल्या. पेटी नसलेल्या गाड्याही कळाव्यात म्हणून प्रत्येकीला एक छोटा रडारही जोडला. पहिला टप्पा नुसता ऐकण्याचा होता. पेटी सगळं टिपणार, कुठे कुठे ओरडायला हवं होतं तेही टिपणार, पण ओरडणार नाही. तिचा आवाज आम्ही मुद्दाम बंद ठेवला होता. आधी लोक नेहमीसारखे कसे चालवतात ते कळायला हवं, मग आवाज सुरू करून काय फरक पडतो ते बघायचं, ही त्यातली रीत. दुसऱ्या टप्प्यासाठी एक वाहन कंपनी आम्हाला मदत करणार होती. करणार की नाही, ते पहिल्या टप्प्याचा निकाल बघून ठरायचं होतं. नाही म्हणाली असती तर माझी इतक्या वर्षांची पीएच.डी. तिथेच आडवी झाली असती, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

बाबांनी स्वतःहून नाव दिलं. मी म्हटलं, "घरचं माणूस कशाला, लोक नावं ठेवतील." ते म्हणाले, "मी रस्त्यावर तुझा बाप म्हणून गाडी चालवत नाही." कुणाला कुठली पेटी गेली हे मला कळू नये असा नियम होता. प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यानं बंद पाकिटांतून नंबर वाटले. घराजवळचा रस्ता नकाशावरून पुसून टाकलेला, म्हणजे कोण कुठला तेही समजू नये. मी एकदा सहज विचारलं, "बाबा, तुमचा कितवा?" तर म्हणाले, "नियम तुम्हीच केलात ना? मग पाळा."

निकालाच्या दिवशी कॉलेजचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कंपनीची माणसं, महापालिकेचे एक साहेब, वाहतूक पोलिसांतले एक अधिकारी. मागे आमचे स्वयंसेवक. सुरुवातीलाच सगळ्यांना शाल-नारळ देऊन झाला. बाबांनी तो न कुरकुरता घेतला, माझ्यासाठी. ते मागे भिंतीच्या कडेच्या खुर्चीवर बसले आणि आई त्यांच्या उजव्या हाताला. मी व्यासपीठावर, मला जन्मात कधी नेसवत नाही ती साडी नेसून.

माझं बोलणं बरं झालं. मग पडद्यावर एकेका पेटीचं चित्र आलं: कुठून कुठली गाडी जवळ आली, पेटीला कधी ओरडावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं तिथे लाल ठिपका. बहुतेकांचे ठिपके चारी बाजूंना थोडे थोडे विखुरलेले. नऊ नंबरचं चित्र आलं आणि सभागृहात खसखस पिकली. उजवी बाजू स्वच्छ. डावी बाजू लालेलाल, गोवर उठल्यासारखी.

माझे मार्गदर्शक पट्टीचे पुणेरी. ते म्हणाले, "या नऊ नंबरला डावीकडचं जग मान्यच नाही!"

"पक्के उजव्या विचारांचे दिसतात," महापालिकेचे साहेब म्हणाले. लोक खो खो हसले. मीही हसले.

हसले नाहीत ते कंपनीचे मोठे साहेब. ते म्हणाले, "मॅडम, असं कुठलाही माणूस गाडी चालवत नाही. ही पेटीच बिघडलेली आहे. एका बाजूचं चुकीचं ऐकतेय. आणि एक अशी असेल तर बाकीच्या बरोबर कशावरून?"

मी गार पडले. आम्ही पेट्या पुन्हा पुन्हा तपासल्या होत्या, नऊ नंबर ठणठणीत होती. पण सिद्ध कसं करणार? मी काहीबाही सांगत राहिले. साहेबांनी हातातलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. बैठक संपल्याची ती खूण कुणालाही कळली असती. माझ्या मार्गदर्शकांनी खाली बघितलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पेटी बरोबर आहे."

बाबा उभे होते. खांद्यावर ती शाल, हातात नारळ. आईनं त्यांचा शर्ट मागून ओढला, ते बसले नाहीत.

"नऊ नंबर मी," ते म्हणाले. "मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यामुळे डावीकडून कोण येतं ते मला कळत नाही, ऐनवेळी ब्रेक दाबतो. तुमच्या पेटीनं अगदी बरोबर टिपलंय. बाईंच्या कामात चूक नाही."

बाईंच्या! माझ्या बापानं भर सभेत मला बाई म्हटलं, कारण मुलगी म्हटलं असतं तर साहेबांना शंका आली असती. वाहतूक पोलिसांतले अधिकारी वळून त्यांच्याकडे बघायला लागले. आताच हसलेली माणसं घसा साफ करायला लागली. बाबा शांतपणे खाली बसले आणि नारळ मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. ज्यांना सोसायटीतल्या बाकाकडे बघवत नव्हतं, त्यांनी शंभरेक लोकांपुढे आपली गाडी स्वतःहून सोडून दिली होती.

साहेबांनी पेन परत बाहेर काढलं. दुसरा टप्पा आम्हाला मिळाला. लोक येऊन माझं अभिनंदन करत होते आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मी हसले होते त्याची लाज होतीच, पण ती वरवरची. खरी लाज निराळी होती. भिंतीपलीकडून येणारी परक्याची गाडी मला कळावी म्हणून मी इतकी वर्षं डोळे फोडले, आणि घरात एकाच टेबलाशी जेवणाऱ्या माणसाचा डोळा गेलेला मला कळला नाही. पाणी भांड्याबाहेर ओततात म्हणून मी त्यांना धांदरट म्हटलं होतं. जेवायची खुर्ची बदलून ते डावीकडे भिंत घेऊन बसायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "तिथे त्यांना पंख्याचा वारा लागतो," आणि मी ते खरं मानलं. आणि रस्त्यात पेटीला सगळं कळत होतं. रोज कळत होतं. तिचा आवाज मीच बंद ठेवलेला.

बाहेर पार्किंगमध्ये आईला गाठलं आणि तिच्यावरच उखडले. "तुला माहीत होतं! मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? किल्ली काढून घेतली असतीस," ती म्हणाली. "माझे गुडघे धड होते तोवर मी होते ना मागे. चिमटे काय हौस म्हणून काढत होते?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच खणखणीत. "नंतर रोज म्हणत होते, आता पुरे करा. ऐकतील तर शपथ. रोज जीव मुठीत धरून बसायची मी, हे खाली येऊन हॉर्न वाजवेपर्यंत."

बाबा स्कूटरपाशी उभे होते. मी जवळ गेले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "गिअरची आहे. विसरली नसशील तर चल."

तीही त्यांनीच शिकवलेली. आईला रिक्षात बसवलं, शाल-नारळ तिच्या मांडीवर ठेवला. मी साडी खोचून स्कूटरवर बसले. पहिल्यांदा क्लच सुटला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. कॉलेजचं अख्खं फाटक बघत होतं.

"हळू सोड," मागून आवाज आला. "स्कूटर आहे, म्हैस नाही."

दुसऱ्यांदा निघाली. कर्वेनगरच्या त्या संध्याकाळच्या गर्दीत मी कशी चालवत होते देव जाणे. डोळ्यांपुढे सगळं पाण्यासारखं हलत होतं, आणि हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत. मी म्हटलं, "बाबा, चुकलं हो माझं. मला दिसायला हवं होतं." गर्दीत त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

चौकात वळताना माझ्या उजव्या खांद्यावर त्यांचा हात घट्ट दाबला गेला. मी काही न बघताच ब्रेक दाबला. उजवीकडून एक मोटारसायकल सिग्नल तोडून आमच्या पुढ्यातून सण्णकन निघून गेली.

मागचे हॉर्न वाजवायला लागले. बाबांनी हात खांद्यावरून काढला नाही.

"उजवीकडचं मला दिसतं अजून," ते म्हणाले. "डावीकडचं तू बघ."