बारा किलो, पाण्यासकट

माझ्या मुलीने मला वाळवंटात न्यायचं ठरवलं, कारण तिच्या मैत्रिणीचा पाय मोडला. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मी कुणी धाडसी बाई आहे असा गैरसमज व्हायचा. अमेरिकेत यूटामध्ये लाल दगडांची एक खोल घळ आहे. पाठीवर तंबू घेऊन तिच्यात उतरायचं, एक रात्र तळाशी राहायचं आणि दुसऱ्या दिवशी चढून वर यायचं. मुलीने कित्येक महिने आधी दोन माणसांचं परमिट मिळवलं होतं. मैत्रीण पडली आणि एक जागा रिकामी झाली. रविवारी आमच्याकडे वरणभात खाताना मुलगी सहज म्हणाली, "आई, तू येतेस का? तुझी ॲन्युअल लीव्ह तर पडूनच असते."

मी हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तिचा घास हातातच राहिला.

मी सत्तावन्न वर्षांची, मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात मायक्रोबायॉलॉजीची डॉक्टर. जिना चढताना माझा उजवा गुडघा माझ्याआधी बोलतो. नवरा हाडांचा डॉक्टर, नुकताच रिटायर झालेला. त्याने त्या गुडघ्याकडे पाहून फुकटात मत दिलं, "उतरशील. वर कशी येणार, ते तिथल्या हेलिकॉप्टरवाल्यांना विचार."

खरं सांगायचं तर त्या घळीचं मला काडीचंही पडलेलं नव्हतं. मला ती एक रात्र हवी होती. मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. राहते आमच्यापासून ट्रामने पंचवीस मिनिटांवर. रविवारी दोन तास येते, त्यातला एक फोनमध्ये जातो. दोष तिला देत नाही. ती लहान होती तेव्हा मी सारखी ऑन-कॉल असायचे आणि घरी असले तरी कान फोनकडेच असायचे. ज्या खड्ड्यात नेटवर्क नाही असा खड्डा मला कुणीतरी आयता देत होतं, आणि तो मला कुठल्याही परिस्थितीत हवा होता.

पुढच्या रविवारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "आई, लिसन. तुझा बॅग बारा किलो, पाण्यासकट. त्याच्यावर एक ग्रॅम नाही. आपण पीक डिस्ट्रिक्टमध्ये एक प्रॅक्टिस वॉक करू, फुल लोड घेऊन. तुला जमलं तर तू येतेस. नाही जमलं तर मी माझ्या हायकिंग क्लबमधल्या कुणालातरी घेते, आणि तू मोटेलमध्ये चिल कर."

"पाण्यासकट म्हणजे?"

"सहा लिटर. तिथे पाणी नाही, आई. डेझर्ट आहे."

सहा लिटर म्हणजे सहा किलो. उरलेल्या सहा किलोंत तंबूचा अर्धा भाग, झोपायची पिशवी, गादी, कपडे, जेवण आणि अब्रू. आमच्या घरातून मुंबईला जायचं तर माणशी दोन बॅगा कमी पडतात आणि आयत्या वेळी तिसऱ्या बॅगेची चेन बसत नाही. मी मान डोलावली.

मग तिने सॅकमधून एक नारिंगी पिशवी काढून डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. त्या घळीत खड्डा खणून मोकळं होता येत नाही. वाळवंटात काही कुजत नाही म्हणे, सगळं वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. म्हणून आपण केलेलं आपण या पिशवीत भरायचं, आतली पावडर त्याचा गोळा करते, झिप लावायची आणि पाठीवर घेऊन यायचं.

"कुणाचं?" नवऱ्याने विचारलं.

"एव्हरीवन कॅरीज देअर ओन, बाबा. नो एक्सेप्शन्स."

तीस वर्षं मी या देशातल्या लोकांची शी तपासत आले आहे. लॉर्ड असो की लॉरीवाला, बाटलीत सगळे सारखेच दिसतात. पण ती इतरांची होती आणि व्हॅनमधून यायची. स्वतःची पाठीवर वाहायची ही कल्पना पचायला मला दोन दिवस लागले. त्यापेक्षा मोठा प्रश्न पुढेच होता. आमच्या संडासात झाडांना पाणी घालायची एक हिरवी झारी असते. झाड नाही, नुसती झारी. इथल्या आपल्या लोकांच्या बहुतेक घरांत अशी झारी दिसेल, आणि गोरे पाहुणे बाहेर येऊन बागेबद्दल विचारतात. आता मोजून सहा लिटर पाण्यात ही चैन कशी करायची? मुलीने बाटलीला लावायचं बोटाएवढं नळीचं टोपण दाखवलं. "वीस ग्रॅम. मी पण तुझीच मुलगी आहे," ती म्हणाली. मला भरून आलं.

सराव मी पिठाने केला. इंडियन दुकानातून चपातीच्या पिठाची दहा किलोची पिशवी आणली, सॅकमध्ये कोंबली आणि रोज संध्याकाळी मर्सी नदीच्या काठाने फिरायला लागले. दुसऱ्याच दिवशी पाऊस आला, सॅकला खालून ओल धरली आणि माझ्या पाठीमागे कणकेचे थेंब पडत राहिले. एका बाईचा कुत्रा ते चाटत माझ्या घरापर्यंत आला. पण तीन आठवड्यांनी मी न थांबता दीड तास चालत होते, आणि लिफ्ट सोडून जिन्याने वॉर्डांत जाते हे हॉस्पिटलभर झालं होतं.

प्रॅक्टिस वॉकच्या आदल्या दिवशी मी बॅग भरली. हुकाचा वजनकाटा, जो आमच्या घरात पासपोर्टाच्याच ड्रॉवरमध्ये असतो, तो नवऱ्याने हातात धरला. काटा चौदा किलोच्या पुढे गेला. मी टॉवेल काढला, पुस्तक काढलं, पायजमा काढला. तरी तेरा. शेवटी गुडघ्याचा पट्टा काढला, जाडजूड बिजागऱ्यांचा होता, चांगला अर्धा किलो भरला. तरी साडेबारा. मी हातपाय गाळून जिन्यावर बसले.

"अगं, जॅकेट कुठे वजनात धरतात?" नवरा म्हणाला.

हे वाक्य आमच्या घराण्यात पूर्वापार चालत आलं आहे. इकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ते ठाऊक असतं. विमानतळावर बॅग काट्यावर जाते, माणूस जात नाही. म्हणून ऐन मे महिन्यात आपण दोन स्वेटर आणि एक ओव्हरकोट घालून, खिशांत ड्रायफ्रूट आणि चार्जर भरून, घामाघूम चेहऱ्याने काउंटरवरच्या पोरीला गुड मॉर्निंग म्हणतो. माझ्या सासूबाई एकदा पुरणयंत्र पोटाशी बांधून आल्या होत्या. त्या दिवशी कस्टम्सवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली होती.

तर मी नवऱ्याचं मोठं वॉटरप्रूफ जॅकेट घातलं, ज्याला आतबाहेर मिळून नऊ खिसे आहेत, आणि बॅगेतला बराच ऐवज तिकडे हलवला. खिशांत जागा उरली म्हणून आणखी थोडं भरलं. शनिवारी सकाळी मुलीने आमच्या दारातच बॅग काट्याला लावली. अकरा पूर्णांक आठ. "ओ माय गॉड, आई!" ती म्हणाली आणि तिने मला मिठी मारली. मिठीत काहीतरी खुळखुळलं.

"आज जाडी दिसतेस तू," ती म्हणाली.

"थर्मल्स," मी म्हणाले.

ट्रेनने आम्ही पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतल्या ईडेलला उतरलो. पाऊस पडत होता. वाळवंटाची तयारी म्हणून पाठीवर सहा लिटर पाणी घेऊन पावसात डोंगर चढणाऱ्या त्या दिवशी तिथे आम्ही दोघीच असू. पहिला तास बरा गेला. मुलगी पुढून सांगत होती की तिथल्या घळीत आकाश निळं असलं तरी लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. मला तिचं बोलणं ऐकायचं होतं, पण प्रत्येक पावलाला खिसे मांड्यांवर आपटत होते आणि गुडघ्याने बोलणं सोडून आता ओरडायला सुरुवात केली होती.

मग ती भिंत आली. तिथल्या दगडी कुंपणांत माणसाला जायला एक फट ठेवलेली असते, मेंढ्यांना जाता येऊ नये इतकी अरुंद. मुलगी आडवी होऊन सर्रकन गेली. मी गेले आणि मधेच अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मागून एक म्हातारं जोडपं आलं. "टेक युअर टाइम, लव्ह," आजोबा म्हणाले आणि सँडविच काढून उभे राहिले. मुलीने दोन्ही हात धरून मला ओढलं. कुठलासा खिसा टरकन फाटला, स्टीलचा डबा दगडावर आपटला आणि बेसनाचे लाडू उतारावरून खाली निघाले.

मुलीने मला जॅकेट काढायला लावलं आणि एकेक खिसा भिंतीवर रिकामा केला. उरलेले लाडू. मेतकुटाची पिशवी. तुपाची बाटली. हळद. जाड लोकरी मोज्यांचे दोन जोड. सुंठवडी. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक निळा इन्हेलर.

"आई, हे वेट बॅगेत नाही, पण कॅरी कोण करतोय? तुझा गुडघाच ना?"

तोपर्यंत माझ्या डोक्यात हे खरोखर आलंच नव्हतं. इतकी वर्षं काट्याला फसवलं की झालं, एवढंच ठाऊक होतं.

तिने मोजे उलटून पाहिले. "हे साइझ सेव्हन आहेत. तू फाइव्ह घालतेस." मग इन्हेलर उचलला. "मला लास्ट ॲटॅक कधी आला होता? शाळेत. यात तुझं काय आहे, आई? तुझा नी ब्रेस कुठे आहे?"

"घरी. वजनात बसत नव्हता."

ती नऊ वर्षांची असताना शाळेबरोबर वेल्समध्ये कॅम्पला गेली होती. बॅग मी भरली होती, ड्यूटी संपवून आल्या आल्या, घाईत. अकरा चड्ड्या भरल्या, चकल्या भरल्या. इन्हेलर विसरले. मी, डॉक्टर. शाळेचा फोन आला तेव्हा मी परत हॉस्पिटलात होते, आणि नवरा पायजम्यावरच गाडी काढून वेल्सला गेला. तिला काही झालं नाही. मला मात्र त्याचं आजही वाईट वाटतं, आणि हे मी तिला त्या भिंतीपाशी पहिल्यांदाच सांगितलं.

"मला फक्त बाबाचा पायजमा आठवतो," ती म्हणाली. "त्याच्यावर डक्स होते."

मी म्हणाले, "क्लबमधल्या कुणालातरी ने. मी मोटेलमध्ये बसते." म्हणताना रडू आलं. पाऊस असल्यामुळे ते खपून गेलं असावं.

ती भिंतीवर बसून एक लाडू खायला लागली. दुसरा तिने त्या सँडविचवाल्या आजोबांना दिला. मग इन्हेलर स्वतःच्या खिशात घातला, माझ्या सॅकमधून दोन लिटर पाणी काढून आपल्या सॅकमध्ये भरलं, आणि तिच्या त्या बॉसच्या आवाजात म्हणाली, "नी ब्रेस कंपल्सरी. लाडू दोन, फक्त. मोजे मला नको. तुझा बॅग यापुढे मी भरणार. ओके?"

"पण बारा किलो—"

"वर येताना जड झालं तर," ती सॅक खांद्यावर चढवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी ती ऑरेंज पिशवी मी घेईन."