प्राणहितेचे तुकडे

ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास आला की अहेरीकडचा तो डोंगा चालवणारा आठवतो. पाण्याची प्रत तपासण्यासाठी आम्ही नकाशावर प्राणहितेचे तुकडे पाडले होते; तो नकाशा त्यालाही दाखवला होता. वल्हवताना तो सारखा पाण्यात वाकून पाही.

"काय शोधता, भाऊ?"

"पोरगी. इथीच बुडाली, भेटलीच नाई. कोन्त्या तुकड्यात असन जी, बाई?"

मी कामाचेच बोलले, "तुकड्यात जे पडते ते त्याच्या सगळ्या पाण्यात सारखे मिसळते, असे आम्ही धरतो."

"मंग साऱ्या पान्यात हाय ते." तो सुटल्यासारखा हसला आणि त्याने वल्हे अलगद उचलून मांडीवर घेतले. डोंगा आपसूक वाहू लागला. मी नमुन्याची बाटली पाण्यात बुडवायला वाकले, तेव्हा तो कुजबुजला,

"हळू."