डेन्झिलच्या काटेरी कुर्ल्या

आमच्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लांब तंगड्यांची काटेरी कुर्ली कोणी खात नसे. जाळ्यात आली की शिव्या घालून परत समुद्रात फेकायची. डेन्झिल ट्रेवास्किसचा बापही तेच करायचा. मग स्पेनहून एउसेबियो पाण्याच्या टाक्यांचा ट्रक घेऊन आला आणि तोच कचरा जिवंत विकत न्यायला लागला. त्यावर डेन्झिलचं घर चाललं.

तरी मतदानात त्याने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनेच फुली मारली. का नाही मारणार? शाळा बंद, पोरं परगावी, धक्क्यावरची घरं लंडनवाल्यांनी सुट्टीसाठी घेतलेली.

"आपला समुद्र लुटून नेतायत लेकाचे!" तो पबमध्ये ओरडायचा. शेजारी एउसेबियोच बसलेला असायचा. "तू नाही रे, बाकीचे!"

देश बाहेर पडला. कागदपत्रं वाढली, ट्रक बंदरावर अडकून पडू लागले, कुर्ल्या वाटेतच मरू लागल्या. एउसेबियो यायचा थांबला.

त्या मोसमात डेन्झिलने भरली टोपली घरीच आणली. मी शेजारी, म्हणून मलाही जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने, लव्हडेने, नाक मुरडतच कुर्ल्या उकडल्या. डेन्झिलने एक तंगडी फोडून चाखली, मग दुसरी, मग तिसरी.

"गोड आहे गं," तो हळूच म्हणाला.

"एउसेबियो दर खेपेला सांगायचा, एकदा खाऊन तर बघ," लव्हडे म्हणाली. "आणि तू म्हणायचास, सगळं घेऊन जा बाबा, आम्हाला नको."